उद्या कुणाच्या बापाचा?

विज्ञानकथेत जातपात नसते, असं आपले साहित्यिक सांगतात. यान सुटलं, नवा ग्रह आला, यंत्रमानव बोलायला लागला, की जात म्हणे खाली पृथ्वीवर राहिली. हे सांगणारे ज्या मजल्यावर राहतात तिथून त्यांना जात नेहमीच खाली दिसते, हा भाग वेगळा.

माझं म्हणणं उलटं आहे. जन्माचा जेवढा घोर विज्ञानकथेला लागलाय तेवढा दुसऱ्या कुठल्या साहित्यप्रकाराला लागलेला नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं ती एकच प्रश्न चघळतेय : माणसाची जागा त्याच्या जन्मानं ठरवायची, का त्याच्या कर्तबगारीनं? प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना मात्र ती घोटाळा करते, आणि तोच घोटाळा आपल्या तोंडावर रोज 'मेरिट' म्हणून फेकला जातो. म्हणून हा लेख. इंग्रजी पुस्तकांची नावं बघून बिचकू नका. फोर्टच्या फुटपाथवर ती जुन्या भावात मिळतात, आणि अडखळत वाचली तरी गोष्ट कळते.

सुरुवात एच. जी. वेल्सपासून. त्याची 'द टाइम मशीन' १८९५ साली आली. तिच्यातला प्रवासी कालयंत्रात बसून ८,०२,७०१ या सालात जातो. तिथं माणसाच्या दोन जाती झाल्यात. वर उन्हात इलॉय : नाजूक, देखणे, फळं खाणारे, काम म्हणून काही न करणारे. खाली जमिनीच्या पोटात मॉरलॉक : अंधारात यंत्रं चालवणारे, पांढरेफटक, उजेडाला भिणारे. मालकांची औलाद वर, कामगारांची औलाद खाली. कामगाराला पिढ्यान् पिढ्या तळघरात ठेवला, त्याचा मॉरलॉक झाला. आता मॉरलॉक रात्री वर येतात आणि इलॉयांना खातात.

वेल्सला हे सुचलं त्याला कारण आहे. त्याची आई अपपार्क नावाच्या एका बड्या हवेलीत हाऊसकीपर होती. त्या हवेलीत नोकरांच्या ये-जा करण्यासाठी जमिनीखालून बोगदे काढलेले होते. पोरगा तिथं राहून गेला होता. पुढं कापडाच्या दुकानात उमेदवारी केली, ती सोडली, शिष्यवृत्ती मिळवून लंडनला विज्ञान शिकायला गेला. म्हणजे हा माणूस मॉरलॉकांच्या दारातून आलेला. तरी त्याच्या प्रवाशाचा जीव जडतो तो वीना नावाच्या इलॉय पोरीवर. मॉरलॉकांच्या टाळक्यात तो लोखंडी दांडा घालतो, आणि अख्ख्या पुस्तकात मॉरलॉकाला एक वाक्य बोलायला मिळत नाही.

मी गोदीत काम करतो. जहाजाच्या पोटात उतरलं की आभाळ चौकोनी दिसतं, आणि माल खालून वर जातो. ही गोष्ट मी कुणाच्या बाजूनं वाचणार? मला मॉरलॉकांची भीती वाटली नाही. दांडा घेऊन फिरणाऱ्या त्या प्रवाशाची वाटली.

आपल्याकडं ही गोष्ट जुनी आहे. बळीला पाताळात घातला. वरच्यांनी ती वामनाच्या थोरवीची कथा म्हणून सांगितली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून तीच कथा खालच्या बाजूनं सांगितली. मॉरलॉकांना त्यांचा जोतीराव अजून भेटायचाय.

आता गंमत बघा. लंडनला वेल्सला जीवशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते थॉमस हक्स्ले, डार्विनचे खंदे पाठीराखे. त्यांचा नातू ऑल्डस हक्स्ले. शिकला ईटनला आणि ऑक्सफर्डला. भाऊ ज्युलियन नामांकित शास्त्रज्ञ आणि पुढं युजेनिक्स सोसायटीचा अध्यक्ष. युजेनिक्स म्हणजे चांगल्या वाणाची माणसं वाढवा, हलक्या वाणाची घटवा, असं सांगणारं शास्त्र. नोकरांच्या तळघरातून आलेल्या वेल्सनंतर ह्या प्राध्यापकाच्या नातवानं उद्याच्या जगाचं पुस्तक लिहिलं : 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', १९३२.

ह्यात माणसं आईच्या पोटी जन्मत नाहीत, बाटलीत वाढवतात. आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन, अशी उतरंड. जेवढा खालचा गर्भ तेवढा प्राणवायू कमी, म्हणजे मेंदू आपोआप मंद. खालच्यांची एका बीजांडातून शहाण्णवपर्यंत जुळी काढतात. डेल्टांची रांगती पोरं पुस्तकांकडं आणि फुलांकडं झेपावली की भोंगा वाजवतात आणि विजेचा झटका देतात. जन्मभर पुस्तकाला हात लावणार नाहीत. हक्स्ले ह्या वर्गांना सरळ 'कास्ट' म्हणतो. १९२५-२६ साली तो हिंदुस्थानात फिरला होता, त्यावर त्यानं पुस्तक लिहिलं होतं. शब्द त्याला माहीत होता आणि माणसंही त्यानं पाहिलेली होती.

लंडनच्या वाचकाला हे भयंकर भविष्य वाटलं. आम्हाला ह्यात भविष्य कुठलं दिसणार? वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू ओता, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. त्या डेल्टा पोरांच्या झटक्यापेक्षा हे निराळं काय आहे? बाटलीची जरूर आमच्या लोकांना कधी पडलीच नाही. आडनाव पुरलं.

ह्या पुस्तकात एक जागा आहे, ती नीट वाचण्यासारखी आहे. जगाचा एक नियंत्रक सांगतो : आम्ही सायप्रस बेटावर प्रयोग केला. सगळी वस्ती काढली आणि बावीस हजार निव्वळ आल्फा नेऊन ठेवले. सगळे हुशार. सहा वर्षांत यादवी माजली. ज्याची पाळी हलक्या कामाची तो ती टाळायच्या कारस्थानात, जो चांगल्या जागेवर तो जागा न सोडायच्या कारस्थानात. एकोणीस हजार मेले. उरलेल्यांनी अर्ज केला की बाबांनो, आमच्यावर पुन्हा राज्य करा. तात्पर्य : समाजाला एप्सिलॉन लागतातच.

हे बोलणं हक्स्लेनं सत्ताधाऱ्याच्या तोंडी घातलंय, कबूल. पण त्याला पुस्तकात जबाब कोण देतं? शेक्सपिअर वाचलेला जॉन स्वतःच्या दुःखाचा हक्क मागतो. लिफ्ट चालवणारा एप्सिलॉन आहे, त्याला कुणी विचारत नाही. मी विचारतो. गोदीत पाळ्या चालतात, गिरण्यांत चालायच्या, आगबोटीवर चालतात. आज ह्यानं जड काम केलं, उद्या त्यानं केलं. मुडदे पडत नाहीत. त्या आल्फांचं बिनसलं कारण हलकं काम हलक्याचंच, हे त्यांना बाटलीत असल्यापासून शिकवलेलं होतं. जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी त्या पुस्तकानंतर चारच वर्षांनी लिहिलं. सायप्रसचं उत्तर तिथं आहे.

आता 'मेरिट'कडं येऊ. हा शब्द ज्यांच्या ओठावर असतो त्यांना माहीत नसतं की 'मेरिटॉक्रसी' हा शब्द गाजला तो एका भविष्यकाळाच्या टवाळीतून. मायकेल यंग हा इंग्लंडातला समाजशास्त्रज्ञ. लेबर पक्षाचा १९४५ चा जाहीरनामा तयार करणारा. १९५८ साली त्यानं पुस्तक लिहिलं, 'द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी'. लिहिलंय २०३४ सालातून मागं वळून बघितल्यासारखं. सूत्र असं : बुद्ध्यंक अधिक मेहनत म्हणजे मेरिट. उमरावांची पोरं हटवली, परीक्षा लावल्या, हुशार तेवढे वर आणले. आणि झालं काय? हुशारांनी हुशारांशी लग्नं लावली, पोरांना लहानपणापासून घोटलं, आणि नवी वतनदारी उभी राहिली. जुनी वतनदारी निदान लाजत तरी होती. नवी म्हणते, आम्ही लायक आहोत म्हणून वर आहोत. खालच्याला पूर्वी म्हणता यायचं की मला संधी मिळाली नाही. आता तेही गेलं. त्याच्या कपाळावर नालायक असा सरकारी शिक्का बसला. शेवटी लोक उठतात आणि ही सगळी कौतुकं सांगणारा निवेदक त्या दंगलीत मरतो.

म्हणजे यंगनं विषाच्या बाटलीवर चिठ्ठी लावून ठेवली होती. राज्यकर्त्यांनी ती टॉनिक म्हणून पिली. २००१ साली, वयाच्या ऐंशी-पंच्याऐंशीत, त्या म्हाताऱ्याला वर्तमानपत्रात लिहावं लागलं की बाबांनो, मी हा शब्द स्तुतीसाठी वापरला नव्हता.

यंगच्याही बावीस वर्षं आधी बाबासाहेबांनी ही गाठ सोडवून ठेवलेली आहे. १९३६. 'अनायहिलेशन ऑफ कास्ट'. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला न झेपलेलं भाषण. बाबासाहेब म्हणतात, माणसाची ताकद तीन गोष्टींवर ठरते. पहिली, आईबापाकडून आलेलं शरीर. दुसरी, समाजाकडून आलेला वारसा : संगोपन, शिक्षण, साठवलेलं ज्ञान. तिसरी, त्याची स्वतःची मेहनत. मेहनतीप्रमाणं फळ कमीजास्त द्या, ते समजू शकतं. पण पहिल्या दोहोंच्या जोरावर शर्यत लावलीत, तर घराणं, शिक्षण, नाव, ओळखीपाळखी, बापाचा पैसा ज्याच्या पाठीशी तोच जिंकणार. ही निवड लायकांची नव्हे, सवलतवाल्यांची. म्हणून समाजाला माणसाकडून जास्तीत जास्त हवं असेल तर सुरुवातीलाच सगळ्यांना होईल तितकं समान करा.

ही तीन खाती डोक्यात पक्की ठेवा आणि मग विज्ञानकथा तपासा. घोटाळा लगेच सापडतो. दुसऱ्या खात्यातला माल ती पहिल्या खात्यात जमा करते. घरातला, वाड्यातला, आडनावातला वारसा उचलून ती रक्तात घालते. मॉरलॉक रक्तानंच मॉरलॉक, एप्सिलॉन बाटलीतूनच मठ्ठ. एकदा रक्तात घातलं की तोड उरते एकच : एखादा अपवादात्मक हिकमती माणूस निघायचा आणि त्यानं एकट्यानं भिंत ओलांडायची.

'गॅटाका' हा १९९७ चा सिनेमा ह्याचा नमुना आहे. सिनेमा चांगला आहे, मिळाला तर जरूर बघा. त्यात आईबाप प्रयोगशाळेत जाऊन निवडक गुणांचं मूल बनवून घेतात. व्हिन्सेंट हा तसा न बनवलेला, आपसूक झालेला पोरगा. जन्मल्या जन्मल्या रक्ताच्या थेंबावरून सांगतात की हा हृदयविकारानं तिशीत जाणार. त्याला यानात बसून अंतराळात जायचंय, पण काम मिळतं त्या अंतराळ कंपनीत झाडू मारायचं. असा भेदभाव करणं कायद्यानं गुन्हा आहे, पण दाराच्या मुठीवरून, पाकिटाला लावलेल्या थुंकीवरून माणूस तपासतात. नोकरीची मुलाखत म्हणजे लघवीची तपासणी. आपल्याकडं एवढा खर्च लागत नाही. 'पूर्ण नाव काय?' आणि 'गाव कुठलं?' एवढ्यात काम होतं.

व्हिन्सेंट एका उच्च बीजाच्या पण अपंग झालेल्या माणसाचं रक्त, लघवी, केस उसने घेतो, त्याच्या नावानं शिरतो, आणि शेवटी यानात बसून शनीच्या टायटन चंद्राकडं जातो. टाळ्या. मीही वाजवल्या. पण त्याच्याबरोबर झाडू मारणारा सीझर नावाचा म्हातारा मुकादम आहे. व्हिन्सेंट सूटबूट घालून आत जातो, आणि सीझर काचा पुसत राहतो. यान सुटल्यावरही त्या काचा कुणीतरी पुसणारच. सिनेमाची मागणी एवढीच आहे की झाडूवाल्यांत चुकून पडलेला एक लायक माणूस वर काढा. बाकीचे झाडूवाले जिथल्या तिथं. ह्याला म्हणतात संधीची समानता. एका माणसाला शिडी द्यायची आणि तळघर शाबूत ठेवायचं.

आता आपल्या मराठीकडं या. मराठी विज्ञानकथेतलं सगळ्यांत मोठं नाव जयंत नारळीकर. २०२५ च्या मे महिन्यात वारले. त्यांच्याबद्दल वाकडं बोलायचं मला कारण नाही. फलज्योतिषासारख्या थोतांडाविरुद्ध सरळ उभा राहिलेला माणूस. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथेची स्पर्धा लावली. नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण आपल्या नावानं नाही. आद्याक्षरं उलटी फिरवून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती बायकोच्या हातानं लिहवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं.

हा किस्सा नारळीकरांच्या सचोटीचा म्हणून सांगतात. सचोटी आहेच. पण त्यातली कबुली कुणी वाचत नाही. नाव दिसलं की परीक्षकाचा काटा झुकतो, हे देशातल्या एका मोठ्या वैज्ञानिकानं गृहीत धरलेलं होतं. वर झुकतो म्हणून त्यांनी नाव लपवलं. आमच्यातली किती पोरं भाड्याच्या खोलीसाठी, नोकरीसाठी आडनाव बदलतात, कारण तोच काटा खाली झुकतो. त्यांचा मुखवटा निघाला तेव्हा कौतुक झालं. आमचा निघाला की खोली खाली करावी लागते.

आणि नाव लपवून काय काय लपलं? वडील बनारस विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, केंब्रिजला शिकलेले. आई संस्कृतची विदुषी. स्वतः केंब्रिजला, गुरू फ्रेड हॉईल, जे स्वतःच विज्ञानकथा लिहायचे. हे सगळं त्या कथेच्या ओळीओळीत होतं, आणि असणारच. हा काही नारळीकरांचा गुन्हा नाही. हे बाबासाहेबांचं दुसरं खातं आहे. नाव झाकता येतं, दुसरं खातं झाकता येत नाही. म्हणून नुसती नाव झाकलेली परीक्षा म्हणजे समानता, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुन्हा १९३६ पासून वाचायला सुरुवात करावी.

त्याच टाटा संस्थेची आजची गोष्ट ऐका. २०१९ साली केंद्र सरकारनं केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या शिक्षकांच्या जागांवर आरक्षणाचा कायदा केला. त्याच कायद्याला एक परिशिष्ट आहे. त्यात ज्या संस्थांची नावं आहेत त्यांना हे आरक्षण लागू नाही. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात आहे. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे. तिरुवनंतपुरमची अवकाश भौतिकी प्रयोगशाळा आहे. म्हणजे तारे मोजायची जागा आली की दरवाजावर पाटी : इथं फक्त मेरिट. गॅटाकाचं दार गोदीपासून काही किलोमीटरवर आहे.

आणि दुसऱ्या टोकाला काय आहे? महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशीनं सफाई कामगाराच्या जागेवर त्याचा वारस घेतात. कामगार त्या हक्कासाठी भांडतात आणि त्यांनी भांडलंच पाहिजे, कारण घरात पगार यायचा दुसरा रस्ता त्यांना ठेवलेला नाही. पण देशाचा नकाशा बघा. वरच्या दारात वारसा चालतो, त्याला मेरिट म्हणतात. खालच्या दारात झाडूचा वारसा चालतो, त्याला सरकारी योजना म्हणतात. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. मलाही आनंद झाला. पण चंद्रावर उतरायला यंत्र आणि गटारात उतरायला माणूस, ही कुठल्या विज्ञानाची वाटणी? कायद्यानं बंदी २०१३ पासून आहे. व्हिन्सेंटच्या जगातही कायदा होताच.

ह्यातून वाट कुणी काढली? अमेरिकेतल्या काळ्या लेखकांनी. तिथंही राखणदार होते. सॅम्युएल डिलेनीची 'नोव्हा' कादंबरी 'अॅनालॉग' मासिकाच्या संपादकानं परत केली, कारण काय, तर नायक काळा आहे, आमच्या वाचकांना तो आपला वाटणार नाही. ऑक्टाविया बटलर ही घरकाम करणाऱ्या बाईची पोरगी. भांडी घासली, कारखान्यात बटाट्याच्या वेफर्स तपासल्या, पहाटे उठून लिहिलं. १९७९ साली तिची 'किंड्रेड' आली. १९७६ मधली काळी बाई डेना, तिला काळ मागं ओढून गुलामगिरीच्या मेरीलँडमध्ये फेकतो. वेल्सचा गोरा प्रवासी यंत्रात बसतो आणि हवा तिथं थांबतो. डेनाला यंत्रही नाही आणि निवडही नाही. परत येताना तिचा एक हात भिंतीत राहतो. बटलरनं वारसा रक्तात कोंबला नाही. तो कायद्यात, चाबकात, जमिनीच्या कागदात दाखवला, जिथं तो असतो.

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातल्या रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं. शेवटच्या चिठ्ठीत त्यानं ते लिहून ठेवलंय. फेलोशिप बंद, वसतिगृहातून बाहेर. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. ताऱ्यांवर लिहू शकणारं आपलं एक पोरगं गेलं. त्याची पुस्तकं आता कुणालाच वाचायला मिळणार नाहीत. मेरिटवाल्यांनी हे नुकसान कुठल्या खात्यात धरलं?

दोस्तहो, आपण कविता लिहिली, आत्मकथा लिहिल्या. कालचा हिशेब मांडला, तो मांडलाच पाहिजे होता. पण उद्या अजून त्यांच्याच घरात लिहिला जातोय. त्यांच्या उद्यात आपण एक तर मॉरलॉक असतो, नाही तर नसतोच. एप्सिलॉनच्या तोंडून सांगितलेली गोष्ट हवी. सीझर म्हाताऱ्याची हवी. ज्या सायप्रसवर पाळ्या नीट चालल्या त्या बेटाची हवी. ज्या शहरात गटारात पहिलं यंत्र उतरलं आणि रिकामा झालेला माणूस वेधशाळेत शिकायला गेला, त्या शहराची हवी. विज्ञान येत नाही म्हणू नका. क्रेन कशी चालते ते तुम्हाला माहीत आहे, जहाज बुडत का नाही ते शाळेत शिकवलेलं आहे. बाकीचं ग्रंथालयात आहे, आणि ग्रंथालयाच्या दारावर अजून परिशिष्ट लागलेलं नाही.

लिहा आणि ह्या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. टोपणनाव घेऊ नका. खाली नाव घाला, आडनावासकट.

जयभीम.